थकव्याला एकक नसतं

शहापूर आणि मुरबाड म्हटलं की आपल्यासारख्या वीकांती मंडळींना आधी डोंगर आठवतात. आसनगावला उतरून माहुली, मुरबाडवरून पुढे नाणेघाट, गोरखगड, सिद्धगड. शनिवारी रात्री निघायचं, रविवारी दुपारपर्यंत चढउतार करायचा आणि सोमवारी हापिसात पाय ओढत फिरायचं. कुणी विचारलं की अभिमानाने सांगायचं, "काय दमलोय राव!" आपल्या दमण्याचं आपल्याला कौतुकच असतं, कारण ते आपण पदरचे पैसे घालून विकत आणलेलं असतं.

याच दोन तालुक्यांत रोज, पोटासाठी दमणारी माणसंही राहतात. त्यांच्या दमण्याचा हिशोब कसा होतो, हा आजचा विषय. म्हणजे तो होतो का, हाच खरा प्रश्न आहे. कामाचा हिशोब मात्र फार काटेकोर होतो. विटा हजारात मोजतात, दगड आणि वाळू ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), गवत पूर्वी पौंडात मोजायचे, माती घनमीटरमध्ये. प्रत्येकाला एकक आहे, दर आहे, वही आहे. थकव्याला एककच नाही. आणि ज्याला एकक नाही ते डेटाबेसमध्ये जात नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात. म्हणून म्हटलं जरा खोदून बघू, की थकवा मोजायचा प्रयत्न कुणी, कधी आणि कशासाठी केला.

सुरुवात विटेपासून करू.

दिवाळी झाली की शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरची कितीतरी घरं ओस पडायला लागतात. त्यात कातकरी जास्त. खैराच्या झाडापासून कात काढणारी ही जमात, नावही त्यावरूनच पडलं. जंगलं सरकारी झाली तसा कात सुटला, मग कोळसा पाडायचं काम आलं, तेही आटलं आणि बऱ्याच जणांच्या वाट्याला वीटभट्टी राहिली. भिवंडी, कल्याण, वसई आणि खुद्द या दोन तालुक्यांतल्या भट्ट्यांवर ही कुटुंबं पावसाळा तोंडावर येईपर्यंत राबतात. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मालकाकडून उचल घेतलेली असते, ती विटांमधून फेडायची. दर हजारी असतो, हजार विटांमागे अमुक रुपये. वहीत हिशोब लिहिला जातो तो जोडीचा, नवरा-बायको मिळून एक. ऊसतोडीत जसा जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात तसंच. म्हणजे बाई किती दमली हा आकडा सोडाच, बाईनं किती विटा पाडल्या हा आकडासुद्धा वेगळा नाही. चिखल आणून देणारी, विटा उलटणारी पोरं तर वहीत नसतातच.

आता जरा इंजिनिअरिंग करू. एक वीट अडीच-तीन किलोची धरा. हजार विटा म्हणजे अडीच-तीन टन, आणि हे सुक्या विटेचं वजन झालं. चिखल ओला असतो, म्हणजे आणखी जड. माती आधी खणायची, मग चिखल मळायचा, उचलायचा, साच्यात दाबून भरायचा, भरलेला साचा नेऊन पालथा करायचा. तोच माल चार-पाच वेळा हातातून जातो. वहीत यातलं काही येत नाही. वहीत '१०००' येतं. अवकाळी पावसात वितळलेल्या, फुटलेल्या विटा मात्र त्यातून वजा होतात.

थोडक्यात, माल मोजायचा आणि माणूस गृहीत धरायचा. ही पद्धत भट्टीवाल्यांनी शोधलेली नाही. ती त्याहून बरीच जुनी आहे आणि तिच्यावरून याच ठाणे जिल्ह्यात गोळ्याही चाललेल्या आहेत.

टिटवाळ्याला आपण गणपतीला जातो. शहापूर आणि मुरबाड दोन्हीकडून जवळचं गाव. तिथे जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेचं अधिवेशन भरलं होतं. जिल्ह्याच्या उत्तरेकडून, उंबरगाव-डहाणू भागातून, काही वारली त्याला चालत, गाडीनं, जमेल तसे आले. (तेव्हा हा सगळा ठाणे जिल्हाच. उंबरगाव १९६० मध्ये गुजरातेत गेलं आणि डहाणू-तलासरी २०१४ मध्ये पालघर जिल्ह्यात.) वेठबिगारीविरुद्ध शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी जो लढा उभा केला त्याची सुरुवात इथून झाली. गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये तो सगळा काळ लिहून ठेवलाय. वाचलं नसेल तर जरूर वाचा.

आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या वर्षीच्या ऑक्टोबरातली मागणी. पावसाळा संपला की रानातलं गवत कापायचं काम निघायचं. वारल्यांनी संप केला आणि दर मागितला, ५०० पौंड गवताला अडीच रुपये. ५०० पौंड म्हणजे जवळपास २२७ किलो. कापायचं, वाळवायचं, बांधायचं आणि वाहून काट्यावर न्यायचं. या लढ्यात १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला, पाच माणसं गेली. त्यात जेठ्या गांगड होते. संप मोडला नाही आणि शेवटी मालकांना दर वाढवावा लागला.

ही मागणी परत एकदा नीट बघा. "आम्ही फार दमतो" असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. मालकानंच ठरवलेलं एकक घेतलं, पौंड, आणि त्याच एककात भाव बदलून मागितला. कारण दमल्याचं सांगितलं तर समोरचा म्हणणार, तुम्ही आळशी आहात. गवताचं वजन मात्र काट्यावर दिसतं. ज्याचा पुरावा देता येतो तेवढ्यावरच भांडायचं, हा शहाणपणा त्यात होता. पण त्याची किंमतही होती. दर वाढला तरी हिशोब मालाचाच राहिला.

सरकार मालक झालं तेव्हा तरी काही वेगळं झालं का?

रोजगार हमी योजना ही महाराष्ट्राची देशाला देणगी. वि. स. पागे यांनी ती कल्पना मांडली, सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात ती आधी करून पाहिली, १९७२ च्या दुष्काळानं ती राज्यभर नेली. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. मागेल त्याला काम देणं सरकारवर बंधनकारक करणारा असा कायदा तेव्हा जगात दुर्मिळ होता. शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्यांत, जिथे भाताचं पीक एकच आणि दिवाळीनंतर हाताला काम नाही, तिथे या योजनेचा अर्थ सरळ होता. गावातच काम मिळालं तर भट्टीवर जायची वेळ येत नाही.

मजुरी मात्र कामाच्या मापावर. खड्डा किती खणला त्याचे घनमीटर. त्यात माती मऊ की मुरूम की खडक, खणलेली माती किती लांब नेऊन टाकली, किती उंच चढवून टाकली, याप्रमाणे दर वेगळा. माप घ्यायला आलेल्या माणसाला मूळ जमीन कुठवर होती ते कळावं म्हणून खड्ड्याच्या मध्ये मातीचा एखादा उंचवटा न खणता तसाच ठेवतात. साधी आणि हुशार युक्ती आहे. लपवाछपवी होत नाही.

आणि दर ठरवायचा नियम काय? सरासरी माणसानं नेटानं सात तास काम केलं तर त्याला शेतमजुरीच्या किमान वेतनाइतके पैसे पडावेत. वाचायला किती न्याय्य वाटतं! पण प्रोग्रामिंग करणाऱ्या कुणालाही इथे खटकायला हवं. 'सरासरी माणूस' हे व्हेरिएबल कुणी डिक्लेअर केलं? तो पुरुष की बाई? वय काय? सकाळी काय खाऊन आला? मे महिन्यात मुरबाडच्या माळावर दुपारी दोन वाजताचे सात तास आणि डिसेंबरातले सात तास एकच का? सरकारी बांधकामाच्या दरपत्रकातला मजूर हा कागदावरचा मजूर असतो, न दमणारा. त्यामुळे अशक्त बाईनं सात तास घाम गाळूनही किमान वेतन पडत नाही, असं वारंवार व्हायचं. २००५ चा केंद्राचा रोजगार हमी कायदा आल्यावर बऱ्याच राज्यांनी प्रत्यक्ष माणसं खणताना घड्याळ लावून दर पुन्हा तपासले, ते याच तक्रारींमुळे. (त्या कायद्याच्या जागी डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं नवा कायदा केला.)

तरी हे मोजलं जाणारं काम झालं. तानसा, वैतरणा, भातसा यांचं पाणी शहापूरकडून मुंबईला जातं. तानसा तर १८९२ पासून. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतात आणि बायका डोक्यावर हंडे घेऊन डोंगर चढतात. ते वजन कुठल्याच वहीत नाही. रोजगार हमीच्या खड्ड्यावर ती बाई सकाळी येते तेव्हा तिची अर्धी ताकद आधीच खर्च झालेली असते, पण टेप लावणाऱ्याला ते दिसायचा मार्ग नाही.

मग प्रश्न येतो की माल सोडून थेट थकवाच मोजायचा प्रयत्न कुणी केला नाही का? केला की! आणि तो इतिहास फार मजेशीर आहे. त्यासाठी थोडा वेळ युरोप-अमेरिकेत जाऊ.

इटलीत तुरिन इथे अँजेलो मोस्सो नावाचा शरीरशास्त्रज्ञ होता. त्यानं १८८० च्या दशकात एक यंत्र बनवलं, अर्गोग्राफ. हात पट्ट्यांनी बांधून टाकायचा, मधल्या बोटाला दोरी आणि दोरीला वजन. ठरावीक ठेक्यावर बोट वाकवून वजन उचलत राहायचं. प्रत्येक वेळी वजन किती वर गेलं याची रेघ फिरत्या नळकांड्यावर उमटते. रेघा हळूहळू बुटक्या होत जातात आणि शेवटी बोट हलत नाही. झाला थकव्याचा आलेख! मोस्सोला दोन गोष्टी सापडल्या. एक, प्रत्येक माणसाचा आलेख वेगळा असतो. कुणी बराच वेळ टिकून अचानक कोसळतो तर कुणी पहिल्यापासून सावकाश उतरतो. दुसरी, दिवसभर परीक्षा घेऊन डोकं शिणलेल्या प्राध्यापकाचं बोटही लवकर थकतं. म्हणजे डोक्याचा शीण हाताला लागतो. १८९१ मध्ये त्याचं या विषयावरचं पुस्तक आलं आणि लोकांना वाटलं, चला, थकव्याचा थर्मामीटर मिळाला.

त्याच सुमाराला अमेरिकेत फ्रेडरिक टेलर. मॅनेजमेंट शिकलेल्यांना हे नाव चांगलं माहीत असेल. त्याला आधी वाटलं की मजूर दिवसाला किती अश्वशक्तीचं काम करतो ते काढलं की थकव्याचा नियम सापडेल. इंजिनिअरला सुचेल अशीच कल्पना! पण आकडे जुळेनात. एक मजूर दिवसाला अश्वशक्तीच्या एक अष्टमांश काम करून गळून जातो, दुसऱ्या प्रकारच्या कामात दुसरा त्याच्या चौपट करूनही तितकाच दमतो. शेवटी लक्षात आलं की हातात वजन धरून उभं राहिलं तरी माणूस थकतो, मग यंत्रशास्त्राच्या हिशोबानं काम शून्य का असेना. त्यावरून त्यानं ठरवलं की ९२ पौंडांचे लोखंडाचे ठोकळे वाहणाऱ्या माणसाच्या हातात दिवसाच्या ४३ टक्के वेळच वजन असावं, बाकी वेळ हात मोकळे. मग बेथलेहेम पोलाद कारखान्यात १८९९ मध्ये एका मजुराला त्यानं दिवसाला १२॥ टनांवरून ४७ टनांवर नेलं. घड्याळ घेतलेला एक माणूस सांगणार, आता उचल, आता बस. मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंट.

गणित करून बघा. माल जवळपास पावणेचार पट आणि मजुरी दीडपटीच्या थोडी वर. विश्रांतीचं शास्त्र टेलरला कळलं होतं, यात शंकाच नाही. पण ती विश्रांती कुणाची होती? बसायचं कधी हे घड्याळवाला ठरवत होता.

पुढे पहिलं महायुद्ध आलं. ब्रिटनमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका-पुरुष आठवड्याला ७०-७० तास राबत होते आणि तरी माल पुरेना. १९१५ मध्ये सरकारनं समिती नेमली. तिच्या पाहण्यांत दिसलं की तास कमी केले तरी एकूण माल तितका घटत नाही, काही ठिकाणी तर वाढतो. १९१८ मध्ये औद्योगिक थकव्यावर संशोधन करणारं कायमचं मंडळच स्थापन झालं. आणि त्या मंडळासाठी काम करणाऱ्या बर्नार्ड मुशिओ या मानसशास्त्रज्ञानं १९२१ मध्ये निबंध लिहून विचारलं, थकव्याची चाचणी शक्य तरी आहे का? उत्तर होतं, नाही. थकवा म्हणजे नेमकं काय हेच ठरत नसताना त्याची परीक्षा कशी घेणार? हा शब्दच शास्त्रीय चर्चेतून काढून टाका, असं त्यानं सुचवलं. ज्या कामासाठी माणूस ठेवलाय तेच काम होण्यासारखं नाही असं त्यानं लिहून द्यावं, याला धैर्य लागतं!

मग चाळीसेक वर्षांनी स्वीडनच्या गुन्नार बोर्गनं वेगळाच रस्ता धरला. यंत्र बाजूला ठेवलं आणि माणसालाच विचारलं. त्याची पट्टी ६ पासून २० पर्यंत. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, ९ अगदी हलकं, १३ जरा जड, १७ फार जड, २० म्हणजे याउपर नाही. ६ पासूनच का? निरोगी तरुण माणसाचे ठोके विश्रांतीत मिनिटाला साधारण ६० आणि सगळा जोर लावला की २०० च्या आसपास. माणसानं सांगितलेल्या आकड्यावर एक शून्य चढवलं की ठोक्यांचा अंदाज यावा, ही कल्पना. माणसामाणसात आणि वयानुसार फरक पडतो, पण अंदाज बऱ्यापैकी येतो. म्हणजे जे यंत्राला नीट पकडता आलं नाही ते माणूस स्वतःच्या तोंडानं सांगू शकतो. आज खेळाडूंचे प्रशिक्षक सरावानंतर हाच प्रश्न विचारतात. तुम्हीही पुढच्या ट्रेकला करून बघा, आकडा सांगा आणि मग नाडी मोजा.

पुढे १९८८ मध्ये नासाच्या सँड्रा हार्ट आणि लोवेल स्टेव्हलँड यांनी वैमानिक वगैरे लोकांच्या डोक्यावरचा भार काढायला सहा प्रश्नांची पट्टी केली. डोकं किती लागलं, शरीर किती, घाई किती होती, काम कितपत जमलं, त्यासाठी किती झटावं लागलं, वैताग किती आला. सॉफ्टवेअरवाल्यांनो, शेवटचा प्रश्न आपल्यासाठीच आहे. :-)

तर उत्तर मिळालं म्हणायचं का? थकवा मोजायचाय ना, मग माणसाला विचारा. संपला लेख.

पण थांबा. ही पट्टी घेऊन आपण भट्टीवर जाऊ. चिखल मळणाऱ्या बाईला विचारलं आणि ती म्हणाली १७. पुढे काय? १७ म्हटल्यावर बसायची सोय आहे का? बसली तर हजार भरत नाहीत. हजार भरले नाहीत तर उचल फिटत नाही. उचल फिटली नाही तर पुढच्या दिवाळीला पुन्हा तीच भट्टी. म्हणजे १७ हा आकडा तिला परवडतच नाही. ती १३ म्हणेल, आणि त्यात खोटेपणा काही नाही. बोर्गच्या प्रयोगशाळेत सायकल चालवणाऱ्याला १७ म्हणायला काही खर्च नव्हता, म्हणून तिथे आकडा खरा निघाला. प्रश्नाचं उत्तर प्रश्न कोण विचारतंय आणि उत्तराचं पुढे काय करणार आहे यावर अवलंबून असतं.

आपल्याकडेही हे होतंच की. एका ठिकाणी मी पाहिलंय, दर तिमाहीला फॉर्म यायचा. गेल्या महिन्यात कामाचा ताण किती जाणवला, १ ते ५. वर लिहिलेलं असायचं की उत्तरं निनावी आहेत, आणि खाली टीमचं नाव निवडायचं. टीममध्ये सहा माणसं. अप्रेझल पुढच्या महिन्यात. सगळे ३ टाकायचे. मग पाय-चार्ट निघायचा की आमच्याकडे ताण मध्यम आहे! भट्टीवरच्या बाईची आणि एसीत बसणाऱ्यांची बरोबरी करायची नाहीये. तिचे हाल आणि आपली कटकट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण आकडा खोटा कसा पडतो, ती यंत्रणा दोन्हीकडे एकच आहे.

मग यातून वाट कुणी काढली? माझ्या मते ती एका ठाणेकरानं काढली, आणि मोस्सोच्या पुस्तकाच्याही आधी.

नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८, ठाण्याचा. मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर होते, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले कार्यकर्ते, १८८० पासून 'दीनबंधु' चालवत होते. तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही. १८८४ मध्ये सरकारनं चौकशीसाठी कमिशन नेमलं. लोखंड्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. मागण्या अशा: दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झाल्यास बरं होईपर्यंत पगार.

बघा, थकवा हा शब्द न आणता सगळा थकव्याचाच विचार आहे. किती दमतो याचा पुरावा द्यायचा प्रयत्नच नाही. त्याऐवजी थांबायचं कधी ते आधी ठरवून टाका, असं म्हटलंय. दमलेल्याला बसायचं आणि न दमलेल्यालाही बसायचं. कुणाला "मी थकलो" म्हणून कबुली द्यावी लागत नाही, त्यामुळे कुणी आळशी ठरत नाही. मुशिओनं १९२१ मध्ये सांगितलं की चाचणी शक्य नाही. लोखंड्यांना ती लागणारच नव्हती. १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्धा तास विश्रांती आली. आपण रविवारी नाणेघाटात जातो तो रविवार फुकट आलेला नाही.

पण तास लगेच कमी झाले नाहीत. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि दिवस मावळला की काम थांबायचं तेही संपलं, कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. मग १९११ च्या कायद्यानं कापड गिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा, १९२२ मध्ये आठवड्याला ६०, १९३४ मध्ये ५४, आणि डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असताना १९४६ च्या दुरुस्तीनं ४८. १९४८ च्या कारखाना कायद्यानं तेच पक्कं केलं, शिवाय सलग पाच तासांनंतर अर्धा तास सुट्टी. हमाल-माथाडींच्या संघटना पोत्याचं वजन कमी करा म्हणून वर्षानुवर्षं भांडल्या आणि १०० किलोचं पोतं ५० वर आलं, तोही याच जातीचा उपाय. हमालाच्या पाठीला किती कळा येतात हे मोजत बसण्यापेक्षा पोतंच हलकं करायचं.

आता परत शहापूर-मुरबाडकडे येऊ. घड्याळाचे हे सगळे नियम भट्टीवर का पोचले नाहीत? कागदावर बरंच काही लागू असतं. पण हजारी दर असला की तासांचा प्रश्नच कुणी विचारत नाही. मालक म्हणतो, मी कुठे सांगितलं पहाटे उठून चिखल मळायला, तुम्हीच जास्त विटांसाठी उठता. आणि तांत्रिकदृष्ट्या ते खरं असतं! मुकादमाची गरजच नाही, उचलच मुकादमाचं काम करते. म्हणून १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यापासून पुढे ठाणे जिल्ह्यात ज्यांनी ज्यांनी या प्रश्नावर काम केलं, त्यांनी आधी उचलीच्या कर्जाला हात घातला. १९८२ पासूनची श्रमजीवी संघटना हे त्यातलं मोठं उदाहरण. ते बरोबरच होतं. कर्ज सुटल्याशिवाय माणूस १७ हा आकडा मोठ्यानं म्हणू शकत नाही.

आणि आपलं? सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यांत दिवसाला नऊऐवजी बारा तास आणि दुकानं-आस्थापनांत नऊऐवजी दहा तासांना मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास तेच ठेवून आणि जास्तीच्या कामाला ओव्हरटाइम देऊन, असं सरकारचं म्हणणं. नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं २०२३ मध्ये म्हटल्यावर कितीतरी वाद झाला. त्या वादात एक गोष्ट जाणवली. ७० च्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे, दोघंही प्रॉडक्टिव्हिटीचे आकडे फेकत होते. जास्त तासांत माल वाढतो की घटतो, एवढाच मुद्दा. म्हणजे १९१५ च्या दारूगोळ्याच्या समितीचाच प्रश्न! उद्या कुणी सिद्ध केलं की ७० तासांत माल खरोखर वाढतो, तर आपण काय म्हणणार? लोखंड्यांच्या निवेदनात माल वाढेल असं आश्वासन नव्हतं. माणसाला रविवार हवा, एवढंच होतं.

आता मनगटावरची घड्याळं ठोके मोजतात, झोप मोजतात, 'आज तुमची बॅटरी ३८ टक्के' असं सांगतात. उद्या ती आकडेवारी कंपनीच्या डॅशबोर्डवर गेली तर मोस्सोचं स्वप्न पूर्ण झालं म्हणायचं. पण त्या ३८ चं पुढे काय होणार हे टेलरच्या घड्याळवाल्याच्या हातात असेल, तर तो आकडा नसलेलाच बरा.

तेव्हा पुढच्या वेळी '१ ते ५' वाला फॉर्म आला तर आकडा भरायच्या आधी एकदा खालपर्यंत स्क्रोल करून बघा. ४ किंवा ५ आलं तर कोणतं काम थांबणार, कुणाला सुट्टी मिळणार, असं काही तिथे लिहिलंय का? नसेल तर ती माहिती कुणाच्या कामाची आहे ते विचारा. विचारायला साडेपाच हजार सह्या लागत नाहीत, टीममधल्या सहा पुरतात.